वेबपानात चार्ट बसवायचा आहे: लायब्ररी, मेटाबेस की सुपरसेट?

ग्राहकाने लॉगिन केलं की त्याला त्याचे आकडे चार्टमध्ये दिसले पाहिजेत, एवढीच मागणी असते. मग टीम डेमो बघत बसते आणि कुणाचे चार्ट देखणे यावरच दिवस जातात. दिसायला आज सगळेच चांगले आहेत. मी आधी दोन गोष्टी विचारतो. एकाचा डेटा दुसऱ्याला दिसणार नाही, हे नेमकं कुठे तपासलं जातं? आणि चार्टमध्ये पुढचा बदल कोण करणार?

ईचार्ट्स किंवा चार्ट.जेएससारखी लायब्ररी (कोडमधून चार्ट काढायचा तयार संच) घेतली, तर पहिल्या प्रश्नाची चिंता फारशी उरत नाही. डेटा तुमच्याच एपीआयमधून (सर्व्हरच्या डेटा देणाऱ्या दारातून) येतो आणि परवानग्या तिथे आधीच लावलेल्या असतात. चार्ट.जेएस शिकायला सोपी, पण ती फक्त कॅनव्हासवर (पिक्सेलच्या चित्रात) काढते. ईचार्ट्स कॅनव्हास आणि एसव्हीजी (रेषा-आकारांचं चित्र) दोन्ही देते, झूम आणि टूलटिप तयार मिळतात, म्हणून माझा कल तिच्याकडे. २०११ साली आलेली डीथ्री ताकदवान आहे, पण साध्या बार चार्टलाही अक्षापासून सगळं हाताने बांधावं लागतं. नेहमीच्या कामाला ती नको. हायचार्ट्स उत्तम, मात्र व्यावसायिक वापराला परवाना विकत घ्यावा लागतो.

लायब्ररीची खरी किंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. "यात तारखेचा फिल्टर द्या", "महिन्याऐवजी आठवड्याचं दाखवा", अशी प्रत्येक मागणी डेव्हलपरकडेच येते.

मेटाबेस हे डेटाबेसला जोडून चार्ट बनवायचं तयार अॅप इथे कामाला येतं. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जाणणारा सहकारी डॅशबोर्ड, म्हणजे चार्टचं एकत्र पान, बनवतो, तुम्ही तो आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत) बसवता, आणि नंतरचे बदल तोच करतो. तुमचा सर्व्हर गुप्त की वापरून टोकनवर (प्रवेशाच्या डिजिटल पासवर) सही करतो आणि ग्राहकाचा क्रमांक त्या टोकनात जातो. इथे एक सेटिंग डोळ्यांत तेल घालून बघा: तो पॅरामीटर 'लॉक्ड' हवा. 'एडिटेबल' राहिला तर पत्त्यात ४१ च्या जागी ४२ टाकणाऱ्याला शेजाऱ्याचे आकडे दिसतात. आमच्या एका प्रकल्पात हे चाचणीत सापडलं, तेव्हा पोटात गोळा आला होता. मोफत आवृत्तीत चार्टखाली मेटाबेसचं नाव झळकतं, आणि चार्टवर क्लिक करून खोलात जाण्याची सोय हवी असेल तर पैसे मोजावे लागतात.

सुपरसेट हे मेटाबेससारखंच अॅप २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं, आता अपाची फाउंडेशनकडे आहे. परवाना मोकळा, कुणाचा शिक्का नाही, चार्टचे प्रकार भरपूर. तुमचा सर्व्हर त्याच्याकडून गेस्ट टोकन मागतो आणि डेटाच्या कोणत्या ओळी दाखवायच्या हा नियम त्याच टोकनात घालतो. नियमांची यादी रिकामी पाठवली तर टोकन तरीही मिळतं, आणि मग टोकनाकडून ओळींवर कसलंच बंधन राहत नाही. टोकन मुळात पाच मिनिटांचंच असतं; एसडीके (सुपरसेटचा तुमच्या पानात बसणारा कोड) ते परत आणत राहतं, पण टोकन देणारा तुमचा एंडपॉइंट (सर्व्हरवरचा पत्ता) तेवढा भार पेलणारा हवा. शिवाय कॅश (साठवून ठेवलेले निकाल), वर्कर (मागे कामं करणारे प्रोग्राम), गेस्ट रोलच्या (पाहुण्या वापरकर्त्याच्या) परवानग्या, आवृत्त्या बदलणं हे सगळं सांभाळणारा माणूस टीममध्ये नसेल, तर सुपरसेटच्या वाटेला जाऊ नका.

आयफ्रेमचा एक त्रास मेटाबेस आणि सुपरसेट दोघांतही सारखाच. एका पानावर सहा चार्ट सहा आयफ्रेममध्ये टाकले, तर ब्राउझर तेच अॅप सहा वेळा उभं करतो आणि पान रखडतं. सहाही चार्ट एका डॅशबोर्डमध्ये घालून तो एकच बसवा.

चार-पाच ठरलेले चार्ट असतील तर बिनधास्त ईचार्ट्स घ्या. मागण्या दर आठवड्याला वाढत असतील आणि एसक्यूएल येणारा माणूस हाताशी असेल तर मेटाबेस. काहीही निवडलं तरी खरा ग्राहक येण्याआधी दोन चाचणी खाती उघडा, पहिल्यातून लॉगिन करा, आणि पत्त्यातला क्रमांक किंवा एपीआयची विनंती बदलून दुसऱ्याचा डेटा मिळतो का, ते स्वतः बघा.