‘तुम्ही बनवा, आम्ही विकत घेऊ’ : दोनशे जोड झुमक्यांचा सौदा

‘घरबसल्या दागिने बनवा, सामान आमचं, तयार मालही आम्हीच घेणार’ अशी जाहिरात सध्या लातूर-धाराशिवकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. नांदेडच्या माझ्या मावसबहिणीपर्यंतही ती पोचली. कुणी डिपॉझिट भरायच्या बेतात असेल तर आधी हे वाचा.

मला कागदकामाची आवड जुनी आहे. बारशाच्या पत्रिका, डोहाळजेवणाची कार्डं, वाढदिवसाची भेटकार्डं करता करता मी क्विलिंगच्या, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या, झुमक्यांकडे वळले. सामान लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणायचं, ओळखीपाळखीत विकायचं, दिवाळीच्या प्रदर्शनात एक टेबल मांडायचं. जोडी 60-70 रुपयांना जाते. छंदाचा खर्च छंदातून निघतो, एवढंच. अशात कुणी 90 रुपये जोडीने, तेही घाऊक घ्यायला तयार आहे म्हटल्यावर आमच्या भिशीत सगळ्यांचेच कान टवकारले.

आधी 499 रुपयांचं छोटं किट. त्यातून दहा जोड करून पाठवले आणि ठरल्याप्रमाणे 900 रुपये खात्यात जमा झाले. फोनवरची मुलगी गोड बोलायची, ‘ताई, तुमच्या हाताला काय सफाई आहे हो!’ मग मोठं किट : 6,500 रुपये डिपॉझिट, 200 जोड, मुदत एक महिना, माल पास झाला की 18,000 रुपये. शिवाय तीन बायका जोडून दिल्या तर प्रत्येकीमागे 500 रुपये वेगळे. आमच्या भिशीतल्या आणखी तिघींनी भरले. म्हणजे एकाच गल्लीतून 26,000 रुपये गेले. आमिषाचे 900 रुपये म्हणाल तर त्यातले 499 आमचेच होते.

दोनशे जोड म्हणजे किती काम, हे करणारीलाच कळतं. पट्टीला पट्टी जोडून लांब करायची, टूलवर घट्ट गुंडाळायची, साच्यावर दाबून घुमट काढायचा आणि आतून फेविकॉलचा हात द्यायचा. तो पुरता वाळायच्या आत बोट लागलं तर घुमट खाली बसतो. मग वॉर्निश, रिंग, मणी, हुक. जाऊबाई म्हणायच्या, ‘अगं, झोप की आता, कागद कुठं पळून चाललाय?’ पण मुदत डोक्यावर. कपाटावर, खिडकीत, देवघराच्या फळीवर, जिथं तिथं झुमके वाळत घातलेले. पोरांना पंखा लावायची बंदी.

स्पीड पोस्टाने माल पाठवला. काही दिवसांनी ईमेल आला : माल नापास. कारणं तीन : गुंडाळी असमान, गोंदाचे डाग, कागदात ओलसरपणा. ओलसरपणा! लातूरच्या मे महिन्यात! ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या उन्हाळ्यात वाळलेल्या कागदात यांना ओल सापडली.

मागोमाग खोकं परत आलं. आता नीट लक्ष द्या. मी कुठलंही पार्सल बंद केलं की झाकणाच्या फटीवर क्विलिंगचं एक छोटं फूल चिकटवते, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. खोकं उघडायचं तर ते फाटणारच. ते फूल जसंच्या तसं होतं. वरची चिकटपट्टीही माझीच, एकेरी. नापास झालेला माल कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. बाकीच्या तिघींच्या ईमेलमध्ये तीच तीन कारणं, त्याच क्रमाने. एकीने तर झुमके केलेच नव्हते, तिला रेशमी धाग्याच्या बांगड्यांचं किट आलं होतं. तिच्याही बांगड्यांच्या ‘कागदात ओलसरपणा’.

डिपॉझिट मागितलं तर गोड आवाज बंद. उलट नोटीस आली, व्हॉट्सॲपवर. मुदतीत ‘योग्य दर्जाचा’ माल दिला नाही म्हणून करारभंग, 5,800 रुपये दोन दिवसांत भरा, नाहीतर कोर्टात खेचू. वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली क्यूआर कोड. आमच्यातली एक जण घाबरून भरायलाच निघाली होती, घरात कुणाला कळू नये म्हणून. नातेवाइकांतल्या एका वकिलांना दाखवली तर ते हसलेच. खासगी कंपनीला राजमुद्रा वापरता येत नाही, त्याविरुद्ध 2005 चा कायदाच आहे, आणि कुठलंही कोर्ट क्यूआर कोडवर दंड मागत नाही. करारनामा 100 रुपयांच्या महाराष्ट्राच्या मुद्रांकावर होता, तारीख यंदाची. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 पासून अशा करारांना 500 चा मुद्रांक लागतो. मजकुरात मात्र खरी मेख होती : ‘गुणवत्ता विभागाचा निर्णय अंतिम राहील.’ निकष काय, तपासणार कोण, यावर अक्षर नाही.

मग मी किटची यादी घेऊन गंजगोलाईत नेहमीच्या दुकानात गेले. पट्ट्या, हुक, रिंगा, मणी सगळं धरून दुकानदाराने सहा-सातशेच्या आतबाहेर हिशेब काढला. वर त्याने एक साधं विचारलं, ‘ताई, हे लोक तुमचे झुमके विकतात कुठं?’ आम्ही शोधलं. दुकान नाही, प्रदर्शन नाही, ऑनलाइन एकही झुमका विक्रीला नाही. सगळीकडे फक्त ‘महिला पाहिजेत’. यांचा धंदा दागिन्यांचा नाहीच, सहाशेचं किट साडेसहा हजारांना विकायचा आहे. झुमके त्यांना नकोच असतात, म्हणून तर खोकं उघडत नाहीत. तुम्हाला अशी जाहिरात आली तर दर, बोनस काही विचारू नका, माल कुठे विकता ते विचारा आणि त्या दुकानातून एक जोड मागवून बघा. आणि सामान आपलं आपण आणतो म्हणा, डिपॉझिट देणार नाही. फोन ठेवतात की नाही बघा.

पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम समोरच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर होते. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीच्या गावी जायला नको. आलेलं खोकं उघडू नका. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढून, पोस्टाच्या पावतीसकट, तसंच ठेवलंय.

आम्ही चौघींनी एकत्र तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. नोटिसा येतात, 5,800 चे आता 7,200 झालेत. कुणी भरलेले नाहीत. आणि तीच जाहिरात, तोच फोटो, दुसऱ्या नावाने परवा पुन्हा आली. या वेळी राख्यांची.