वर्षभर वापरून झाल्यावर : बिडाचा तवा, लोखंडी कढई, कुकर आणि एक वजनकाटा

मागच्या वर्षी आमच्याकडे दोघांचे रक्ताचे रिपोर्ट एकाच आठवड्यात आले. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वर, माझं हिमोग्लोबिन खाली. त्यानंतर स्वयंपाकघरात बरीच उलथापालथ झाली. काही भांडी नवीन आली, काही माळ्यावरून खाली उतरली, एक-दोन वर गेली. आता सगळी रोजच्या वापरात पुरेशी घासून निघाली आहेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. आमचं घर पुण्यातलं, माणसं चार, शेगडी गॅसची आणि सकाळी सातला डबे. त्यामुळे माझी कसोटी सोपी आहे. आठवड्याच्या मधल्या वारी, घाईच्या वेळी हात आपणहून ज्या भांड्याकडे जातो, ते उपयोगाचं. खोक्यावर ‘हेल्दी’ छापलंय का, हे बघणं मी सोडून दिलंय.

सगळ्यात जास्त फरक ज्या वस्तूने पडला ते मुळी भांडंच नाही. साधा डिजिटल वजनकाटा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसभरासाठी माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. म्हणजे मोठे दोन चमचे. पोळीवरचं तूप, भाजीची फोडणी, चटणीवरचं तेल, सगळं त्यातच. चार माणसांचा महिन्याचा हिशोब सव्वातीन किलोच्या आसपास येतो. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे फार तर साडेतीन लिटर आणि तेही तूप धरून. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत नव्हता, तूप वेगळंच! आणि तरी ‘आमच्याकडे तेल कमीच असतं हो’ हे वाक्य मी कितीतरी वेळा कितीतरी जणींना ऐकवलेलं.

काटा वापरायची युक्ती अशी : तेलाची किटली काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, किटली उचलून फोडणीपुरतं तेल कढईत ओतायचं आणि किटली परत काट्यावर. उणे किती ते दिसतं. वाटी नाही, चमचा नाही, घासायला जास्तीचं भांडं नाही. पहिले काही आठवडे हे रोज केलं की हाताला अंदाज बसतो, मग अधूनमधून तपासलं तरी चालतं. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा सपाट चमचासुद्धा नाही. लोणचं आणि पापड त्यातच मोजायचे म्हटल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर थोडी शांतता पसरली होती.

आता बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा. सासूबाई कुडाळच्या, त्यामुळे घावनं आणि आंबोळ्या या घरात नवीन नाहीत. मधली काही वर्षं ती नॉनस्टिकवर होत होती, एवढंच. नवा तवा तुळशीबागेतून आणला. आणला तेव्हा खरखरीत आणि राखाडी होता. तयार करायला वेळ लागतो, पण अवघड काही नाही. आधी गरम पाण्याने आणि साबणाने घासून वरचा गंज आणि कारखान्यातलं तेल काढायचं. मग शेगडीवर ठेवून पार कोरडा करायचा. कोमट असताना शेंगदाण्याचं तेल चोळायचं आणि लगेच फडक्याने इतकं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा तेच. तापलेलं तेल लोखंडाला धरून घट्ट होतं आणि त्याचा गुळगुळीत काळा थर बसतो. जास्त तेल ओतलं तर तवा चिकट होतो आणि मग सगळंच चिकटतं. इंटरनेटवर जवसाच्या तेलाचं फार कौतुक आहे. मी लावून बघितलं, छान चकाकलं आणि काही दिवसांनी पोपडे निघाले. घरात जे फोडणीला वापरता तेच लावा.

घावन घालताना आमच्याकडे अर्धा कांदा काट्याला टोचून ठेवलेला असतो. कांदा तेलात जेमतेम टेकवायचा आणि तव्यावरून फिरवायचा. चर्र आवाज आला की तवा तयार. तांदळाचं पातळ पीठ कडेकडून मध्ये ओतायचं, पसरवायला जायचं नाही, ते आपलं आपण जाळी धरतं. झाकण ठेवायचं. मिनिटभराने झाकण काढलं की कडा स्वतःहून सुटलेल्या असतात आणि उलथनं नुसतं खाली सरकवलं की घावन हातात. एका कांद्यावर अख्ख्या घराचा नाश्ता होतो. किती तेल लागतं ते वजनकाट्यावर बघायला गेले, तर आकडा मोजण्यासारखा नव्हता.

तक्रारीही आहेत. तवा जड आहे. सासूबाईंना एका हाताने उचलत नाही, त्यामुळे तो शेगडीवरच मुक्कामाला असतो. बिडातून उष्णता हळू पसरते, म्हणून मंद आचेवर पाच-सात मिनिटं आधीच ठेवावा लागतो. घाईत मोठी आच केली की मधलं घावन करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. बिडात कार्बन जास्त, दोन टक्क्यांच्या वर, त्यामुळे ते ठिसूळ असतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तडकू शकतो, आणि फरशीवर पडला तर तव्याची काळजी करावी की फरशीची, हा प्रश्नच आहे.

या तव्याचा खरा शत्रू मात्र तारेचा काथ्या. आमच्या मावशी अतिशय स्वच्छतेच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “ताई, हा तवा किती घासला तरी काळाच राहतो, लिंबू लावू का?” मी म्हटलं, “नका हो मावशी, तो काळाच हवाय.” त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. त्यामुळे हा तवा सिंकमध्ये जातच नाही. जेवणं झाली की मीच गरम पाणी आणि मऊ घासणीने पुसून, शेगडीवर कोरडा करून, तेलाचं बोट फिरवून ठेवते. तुमच्याकडे भांडी दुसरं कोणी घासत असेल तर तवा घेण्याआधी या गोष्टीचा निकाल लावा.

हिमोग्लोबिनसाठी तवा आणला असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत असे. खरं तर चांगल्या तयार झालेल्या तव्यातून लोह फारसं सुटत नाही, कारण मध्ये तो थर असतो. लोह येतं ते साध्या लोखंडी कढईतून, तेही ओलसर आणि आंबट पदार्थ त्यात थोडा वेळ शिजला तर. म्हणून टोमॅटो घातलेली मेथी, चिंच-गुळाची भरली वांगी, ताकातला पालक हे सगळं मी मुद्दाम लोखंडी कढईत करते. रंग काळपट येतो, पालकाचा तर फारच. चवीला लोखंडाची झाक लागू द्यायची नसेल तर शिजताक्षणी दुसऱ्या भांड्यात काढा. रात्रभर त्यात भाजी ठेवणं म्हणजे सकाळी ती टाकून देणं. वर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे हे लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायलात तर उलटं होतं. दुपारच्या जेवणानंतरचा माझा चहा तासाभराने पुढे गेला तो याच कारणाने. हा बदल मला कुठल्याही भांड्यापेक्षा जड गेला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझं हिमोग्लोबिन सुधारलं ते डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी. कढईने त्याला किती हातभार लावला हे मोजायचा घरी काही मार्ग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हे कढई बदलून मिटणारं दुखणं नाही. घरात कुणाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर लोखंडी भांड्यात शिजवण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण तिथे जास्तीचं लोह त्रासाचं ठरतं.

कुकरबद्दल कुणी कौतुकाने लिहीत नाही, कारण तो असतोच. पण आमच्या ताटात कडधान्य आठवड्यातून एकदा यायचं ते आता दिवसाआड येतं, याचं श्रेय मी स्टीलच्या जाड बुडाच्या नव्या कुकरला आणि मोड आणायच्या भोकाच्या डब्याला देते. कुकरमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब तयार होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांपर्यंत तापतं. छोले, राजमा, चवळी लवकर शिजतात ती यामुळे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. शिट्ट्या मोजत बसण्यात नुसता गॅस जातो आणि वरणाचं पाणी झाकणावर उडतं. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, मगच. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोटाला फार वाईट. नीट उकळून शिजला की त्याचा उपद्रव जातो.

कुकर घेताना आयएस २३४७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण बघा. रिंग वापरानंतर काढून, धुऊन, मोकळी ठेवा. झाकणाला तशीच लावून ठेवली की सैल पडते आणि कडेने वाफ सुटायला लागते. माझी जुनी रिंग याच कारणाने गेली. आता ती ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली असते. दिसायला वाईट दिसते, दिसू दे.

ट्रायप्लाय कढईबद्दल माझं मत मध्यम आहे. बाहेरून-आतून स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, त्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. तापल्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच फसफसून आटला तर कढई अजून तापायची आहे, आणि मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला की मग तेल घालायचं. असं केलं की कांदेपोहे बुडाला धरत नाहीत. पण हे सगळं सकाळी सातला कोण करणार? किंमत बघता साध्या जाड बुडाच्या कढईने माझं अडलं नसतं.

नॉनस्टिकचा एक छोटा पॅन ठेवलाय, अंड्यांसाठी. त्याच्याबद्दल जितकी भीती घातली जाते तितकी मला वाटत नाही. त्यावरचा न चिकटणारा पीटीएफई थर २६० अंशांच्या वर गेला की विघटित व्हायला लागतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला तर काही मिनिटांतच तो तिथवर पोचतो आणि त्याचा धूर चांगला नसतो. घरात पक्षी पाळले असतील तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. मंद आचेवर, लाकडी उलथन्याने ऑम्लेट करण्यात काही बिघडत नाही. थर निघायला लागला की मात्र माया न करता टाकून द्यायचा. मोठा डोसा तवा मी तसाच टाकला. ‘पाच वर्षं टिकेल’ असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारला होता, त्याला वर्ष काढता आलं नाही.

एअर फ्रायर दिराने दिला, म्हणून जपून लिहिते. शेंगदाणे, मखाने, बटाट्याच्या फोडी, रताळी, उरलेले समोसे गरम करणं, यात तो उत्तम. कांदाभजी त्यात होत नाहीत. पातळ पीठ जाळीतून खाली गळतं आणि वर उरतो तो भाजलेला कांदा. उडदाचा पापड ठेवलात तर वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटू शकतो, त्यावर स्टीलची छोटी जाळी ठेवावी लागते. तो ओट्याचा पाव भाग अडवतो. आणि तळणीची जी चटक असते ती त्याने भागत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा खरी भजी होतातच.

त्यापेक्षा मोदकपात्र वापरा! ते गणपतीला निघतं आणि अनंत चतुर्दशीला परत माळ्यावर जातं, हे मला आता फार वाया गेल्यासारखं वाटतं. आमच्याकडे ते वर्षभर खाली असतं. कोथिंबीर वडी, अळूवडी, कोबीचे मुटके, ढोकळा, सगळं वाफवायचं. वाफवलेली कोथिंबीर वडी पूर्ण गार होऊ द्यायची, मग कापायची, गरम कापली तर भुगा होतो. कापलेल्या वड्या बिडाच्या तव्यावर तेलाच्या चार थेंबांत दोन्ही बाजूंनी लालसर करायच्या. कडा कुरकुरीत, आत मऊ. तळलेल्या आणि या वड्या शेजारी ठेवल्या तेव्हा मुलांनी आधी या संपवल्या. तळलेल्या आहेत की नाहीत हे त्यांनी विचारलंही नाही.

खलबत्त्याबद्दल लांबण लावत नाही. लसूण, मिरची, जिरं, शेंगदाण्याचा ठेचा. मिक्सरमध्ये एवढंसं वाटण फिरतच नाही.

राहिलं पितळी पातेलं. आईने दिलेलं, आमटीला सुरेख. पण आतून कल्हई हवीच. पितळेतलं तांबं चिंच, आमसूल, ताक यांच्याशी जमत नाही, पदार्थ कळकतो. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही, आणि फोडणी छोट्या लोखंडी पळीत करून वरून ओतायची. आत पिवळं दिसायला लागलं की त्यात शिजवणं बंद. दारावर येणारा कल्हईवाला आमच्या भागात आता येत नाही, त्यामुळे कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी करायला जायचंय. गणपतीच्या आधी जाईन म्हणतेय. तोवर पातेल्यात कांदे-बटाटे ठेवलेत.