एर्बियम फायबर: ३० घ्यावा की ८०?

एर्बियम फायबर म्हणजे गाभ्यात एर्बियम मिसळलेला, प्रकाश वाढवणारा काचतंतू. लिएक्की कंपनीचे असे दोन फायबर प्रयोगशाळांत नेहमी दिसतात: ईआर३०-४/१२५ आणि ईआर८०-८/१२५. नावातच कुंडली आहे. पहिला आकडा १५३० नॅनोमीटरला दर मीटरमागे होणारं शोषण (डेसिबलमध्ये), दुसरा गाभ्याचा व्यास, तिसरा काचेचा बाहेरचा व्यास, दोन्ही मायक्रॉनमध्ये.

८० चं सुख स्प्लाइसमध्ये, म्हणजे दोन फायबर वितळवून जोडण्यात. १५५० नॅनोमीटरला त्याचा मोड, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास, ९.५ मायक्रॉन, एसएमएफ-२८ या दूरसंचाराच्या साध्या फायबरचा १०.४, जोडावर हिशेबाने जेमतेम ०.०४ डेसिबल जातात. ३० चा मोड ६.५, आणि तोच जोड ०.९ डेसिबल खातो. स्प्लायसरचा तयार प्रोग्रॅम इथे चालत नाही. आर्क (फायबर वितळवणारी विजेची ठिणगी) थोडा लांबवला की गाभ्यातलं डोपिंग, म्हणजे काचेत मिसळलेली द्रव्यं, बाहेर पसरतं, मोड रुंदावतो, तोटा उतरतो.

८० ची खोट पंपात, म्हणजे एर्बियमला ऊर्जा देणाऱ्या ९८० नॅनोमीटरच्या प्रकाशात आहे. कटऑफ (ज्याच्याखाली प्रकाश एकाहून जास्त मोडने, म्हणजे वेगवेगळ्या आकृत्यांत, वाहू शकतो ती तरंगलांबी) ११०० ते १४०० नॅनोमीटर, म्हणजे ९८० चा प्रकाश त्यात एकाच मोडने जाईल याची खात्री नाही. जोड जरा सरकला की पंप वरच्या मोडमध्ये शिरतो आणि फायबर हलवला की गेन (प्रकाशाची होणारी वाढ) डुलतो. शिवाय एर्बियमचे आयन दाटीने बसले की शेजारी-शेजारी ऊर्जा देतात-घेतात: एक खाली येतो, दुसरा वर चढतो, आणि १५५० ला मिळायची ती ऊर्जा वाया जाते. ९८० वर फायबर हिरवा उजळतो तो अशाच वर चढलेल्या आयनांमुळे. दिसायला झकास, पण तो हिशेबातला तोटा आहे. उपयोग एकच: हिरवं फिकट होत जातं तिथे पंप संपत चाललाय.

लांबी मात्र जास्तच घ्यावी आणि मोजत मोजत कापावी. शेपूट पंपाविना राहिलं तर ते १५३० चा प्रकाश परत गिळतं आणि गेन लांब तरंगलांबीकडे सरकतो. एकदा आखूड कापलं की मात्र पुन्हा जोडावं लागतं.

सी-बँड (१५५० च्या आसपासचा दूरसंचाराचा पट्टा) अँप्लिफायरला ३० च घ्या. ८० घ्यायचा तो फेम्टोसेकंद रिंग लेझरसाठी: मीटरभर पुरतो, आणि १५५० ला त्याचं डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाणं) एसएमएफच्याच बाजूचं असतं.

कुठलाही घ्या, दोन्ही टोकांना आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा. सरळ कापलेलं उघडं टोक साडेतीन टक्के प्रकाश परत पाठवतं. दोन्ही टोकं तशी असली आणि गेन साडेचौदा डेसिबलच्या वर गेला, की अँप्लिफायरचा आपोआप लेझर होतो.