सहा वर्षं अंगावर असलेला सुती शर्ट

हा शर्ट घेऊन 6 वर्षं झाली. आठवड्यातून एकदा तरी घालतोच, म्हणजे 300 धुण्यांच्या वर गेला असेल. याआधी मी स्वस्तातले शर्ट घ्यायचो. दोन-चार धुण्यांत कॉलर मुडपायची, काखेत शिवण उसवायची आणि कापडावर बारीक गोळे यायचे.

हा घेताना पहिल्यांदाच शर्ट उलटा करून पाहिला. बाजूची शिवण दुमडून वरून पुन्हा टीप मारलेली, त्यामुळे कापडाची कच्ची कड कुठेच उघडी नाही. एका इंचात टाके मोजले, 18 भरले. काज दाट विणलेलं, आणि बटणाखाली दोऱ्याचा छोटासा देठ, म्हणून जाड पट्टीतही बटण ताणलं जात नाही. कापूस लांब धाग्याचा आहे. लांब तंतूंची टोकं कमी बाहेर येतात, म्हणून गोळे धरत नाहीत. आजही पाठीवर हात फिरवला की कापड गुळगुळीत लागतं.

तक्रारी आहेत. वाळायला फार वेळ घेतो, इस्त्रीशिवाय घालवत नाही. गेल्या वर्षी कॉलरची घडी झिजली. शिंप्याने कॉलर उसवून उलटी लावून दिली, अर्ध्या तासाचं काम! कापड मजबूत होतं म्हणून हे जमलं. आधीच्या शर्टांचं कापडच इतकं विरायचं की टाका धरायचाच नाही.

धुताना मी तो उलटा करून गार पाण्यात धुतो आणि सावलीत वाळवतो. दुसरा घेतला तर याच कापडाचा, फक्त बाही थोडी लांब हवी.