खिरणीवरचं चिकू कलम : पानं नको, खुंट बघा

पावसाळा लागला की नागपूरच्या नर्सऱ्यांमध्ये कालीपत्ती चिकूची कलमं रांगेनं मांडलेली दिसतात. गिऱ्हाईक हिरवीगार पानं बघतं, पिशवीतच लागलेलं एखादं फळ बघतं आणि पैसे काढतं. खरा माल जोडाच्या खाली, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर चिकू बांधलाय त्या खुंटात असतो. संत्र्याची कलमं घेताना खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा हे हटकून विचारणारा शेतकरीसुद्धा चिकूचा खुंट विचारत नाही, हे नवलच.

खुंट खिरणीचाच हवा. ही चिकूच्याच कुळातली, आपल्या कोरड्या जंगलातली उंच झाड होणारी जात. उन्हाळ्यात विकायला येणारी पिवळी, ओठांना चिकटणारी फळं हिचीच. मूळ दमदार, लाकूड टणक, पाण्याचा ताण सोसणारं. खोट एकच, वाढ फार संथ. पेन्सिलीएवढा खुंट व्हायलाच दोनेक वर्षं जातात, म्हणून हे कलम महाग पडतं. चिकूच्याच बियांच्या रोपावर बांधलेलं स्वस्त कलम घेऊ नये. पुढे झाडाला तो जोम राहत नाही.

ओळखायचं कसं? जोडाखाली फूट असेल तर पान बघा. खिरणीचं पान टोकाला बोथट, बहुधा मधोमध खाच असलेलं, चिकूचं टोकदार. खात्री पटली की ती फूट लगेच काढायची. ठेवली तर खिरणी जोर धरते, वरचा चिकू मेच्या उन्हात वाळतो आणि मालक हिरवळ बघून खूश राहतो!

जोड भरलेला, बोटानं हलवून न डुगडुगणारा हवा. प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर जोड पक्का झाल्यावर कापून काढा, नाहीतर खोडात रुतते. पिशवीतलं फळ हा निव्वळ दिखावा. तेही खुडा आणि पहिली दोन-तीन वर्षं फुलंही.

आपल्या काळ्या जमिनीत एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा मेमध्ये तापू द्यावा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावं. कलम उंचवट्यावर लावून जोड मातीपासून वीतभर वर ठेवावा. पाणी साचलं की खिरणीचा खुंटही टिकत नाही. दोन झाडांत दहा मीटर अंतर, आणि पहिल्या उन्हाळ्यात वरून तुराट्यांची सावली.

नुसती खिरणी हवी असेल तर बियांचं रोप स्वस्तात मिळतं, पण घराच्या प्लॉटवर ती लावू नये. शेताच्या बांधावर लावा.