लेव्होथायरॉक्सिन की लायोथायरोनिन?

थायरॉइड ग्रंथी मंदावली की बहुतेकांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी४ (थायरॉइडचं एक संप्रेरक) देतात, आणि माझ्या मते तेच योग्य. शरीरातलं निम्मं औषध ओसरायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे रोज एकच गोळी पुरते, पातळी स्थिर राहते. टी३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं संप्रेरक, शरीर त्यातूनच बनवून घेतं. मात्र गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तासांनी. हे पाळलं नाही, तर डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) खाली येत नाही आणि दोष औषधाला लागतो.

लायोथायरोनिन म्हणजे थेट टी३. गुण पटकन, पण ओसरतंही लवकर, म्हणून बहुधा दिवसातून २-३ वेळा घ्यावं लागतं. जरा जास्त झालं की छातीत धडधड, हातांना कंप. टीएसएच ठीक असूनही थकवा हटत नसेल, तर काही डॉक्टर टी४ला जोड म्हणून ते देऊन पाहतात. गरोदरपणात मात्र टी४च.