जुन्या फोनवर पायथनचा सर्व्हर: काही महिने वापरल्यावर

कोथरूडला घरीच दहावीचा क्लास घेतो. सरावाच्या प्रश्नपत्रिका मुलांना द्यायला जुना अँड्रॉइड फोन सर्व्हर म्हणून लावलाय. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलं, आता दिवाळी होऊन गेली. घरच्या वायफायपुरतं काम झकास, त्यापलीकडे या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

मांडणीत काही नाही. एफ-ड्रॉइडवरून (मुक्त ॲपांचं दुकान) टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप) घ्यायचं, त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकायची, पीडीएफच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर' म्हणायचं. मुलं ब्राउझरमध्ये फोनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे :8000 हा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) टाकतात, की फाइलींची यादी समोर. फोनचा आयपी राऊटरमध्ये पक्का करून ठेवा, नाहीतर फळ्यावर अधूनमधून नवा आकडा लिहावा लागेल. 80 नंबरच्या पोर्टचा हट्ट नको, 1024 च्या खालचे पोर्ट फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार घेतल्याशिवाय, मिळत नाहीत.

पायथन कधी कुरकुरला नाही. छळलं ते बॅटरी वाचवण्याच्या सोयींनी. स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळानं पान उघडायचंच नाही. फोनला झोपू न देणारी 'टर्मक्स-वेक-लॉक' ही आज्ञा दिली, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून टर्मक्सला सूट दिली, तरी फोन कंपनीचा स्वतःचा वेगळा सेव्हर होताच. तो तीन मेनू आत दडलेला. तिथे परवानगी दिल्यावर गाडी रुळावर आली. अँड्रॉइड 12 पासून ॲपांच्या उपप्रक्रिया मिळून 32 च्या वर गेल्या की सिस्टीम त्या मारते. माझा फोन त्याआधीचा, म्हणून तो ताप नाही.

गुरुवारी वीज गेली की राऊटर गप्प, फोन मात्र चालू. मग त्याचाच हॉटस्पॉट लावतो. माझ्या फोनवर तेव्हा पत्ता 192.168.43.1 होतो. इंटरनेट लागतच नाही.

व्हिडिओ मात्र विसरा. फाइलीचा मधलाच तुकडा देणं या सर्व्हरला जमत नाही, त्यामुळे पुढे सरकवता येत नाही. पासवर्डही नाही, म्हणून त्या फोल्डरमध्ये उत्तरपत्रिका ठेवत नाही (आमची कार्टी हुशार आहेत). उलट टर्मक्सच्या पडद्यावर कोणत्या आयपीनं कोणती फाइल उघडली ते ओळीनं दिसतं, त्यामुळे 'सर, पेपर उघडतच नव्हता' ही सबब बंद झाली.

फोन चोवीस तास चार्जरला लावत नाही. टायमरचं सॉकेट घेतलंय, मागचं कव्हर काढून ठेवलंय. पाठ जराही फुगलेली दिसली की हा फोन बाद करणार.